आधी बोट, मग चिमटा



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मान असतो तो साहित्याला, इतिहासाला, राजकारणाला. तेथे शस्त्रवैद्याला बोलावणे म्हणजे गाण्याच्या मैफलीत लोहाराला बसवण्यासारखे आहे, असे कुणाला वाटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण चालकांनी आम्हांला जो विषय सुचवला, तो आज घरोघरचा झाला आहे. पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन झालेले एखादे तरी माणूस प्रत्येकाच्या नात्यात किंवा शेजारात आहे. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात हिंडू-फिरू लागतात. क्वचित मात्र आतून निरोप येतो, "रक्तवाहिनीला इजा झाली आहे, रक्ताची सोय करा." बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींच्या पायाखालची जमीन सरकते. आत काय घडले, कुणाची चूक झाली, आता काय करणार, हे प्रश्न त्यांच्या डोळ्यांत उभे राहतात, आणि त्यांना उत्तर द्यायला त्या क्षणी कुणालाच सवड नसते. ते उत्तर आज सवडीने द्यावे, एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. उजव्या बरगड्यांच्या आड यकृत बसलेले असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो. पण वजनापेक्षा त्याची रक्ताची भूक पाहण्यासारखी आहे. माणसाच्या अंगात रक्त असते जवळजवळ पाच लिटर. आणि यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या घाईचे मूळ त्यात आहे.

जुन्या वाड्याला जसा दिंडी दरवाजा असतो, तसा यकृतालाही खालच्या अंगाला एक दरवाजा आहे. त्या दरवाजातून तीन नळ्या शेजारी शेजारी जातात. पहिली रोहिणी, म्हणजे हृदयाकडून तांबडेलाल रक्त आणणारी. दुसरी आतड्यांकडून अन्नरसाने भरलेले रक्त आणणारी रुंद नीला. डॉक्टर मंडळी तिला पोर्टल व्हेन म्हणतात, आपण पोर्टल नीला म्हणू. यकृतात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश हिच्यातून येते. तिसरी पित्तनलिका, ती आत काही नेत नाही, यकृतात तयार झालेले पित्त बाहेर आणते. या तिघी एकाच पातळ पदराच्या घडीत अशा बसलेल्या असतात की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सगळ्या मावतात. पित्ताशयाची पिशवी याच दरवाजाला लागून लोंबत असते. यकृतातले रक्त बाहेर पडते ते मात्र मागच्या बाजूने, परसदाराने. तेथे पातळ भिंतीच्या तीन मोठ्या नीला शरीराच्या महानीलेला मिळतात.

आता कुणी म्हणेल, जागा जर इतकी ठरलेली आहे, तर सर्जनच्या हातून इजा व्हावीच का? अडचण अशी की पुस्तकातला नकाशा आणि माणसातला नकाशा नेहमी जुळत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस मिशेल्स यांनी 200 मृतदेहांचे विच्छेदन करून 1955 साली यकृताच्या रोहिण्यांचा हिशेब मांडला. पुस्तकात दाखवतात तशी रचना त्यांना आढळली ती सुमारे 55 टक्के देहांत. उरलेल्यांत कुठे उजवी रोहिणी भलत्याच वाटेने आलेली, कुठे डावी, कुठे एखादी जास्तीची. काही माणसांत उजवी रोहिणी सुरवंटाच्या पाठीसारखी कमान करून पित्ताशयाला अगदी चिकटून जाते आणि पित्ताशयाच्या बारीक रोहिणीसारखी दिसते. काहींच्या बाबतीत यकृताची मोठी नीला पित्ताशयाच्या अंथरुणाखालीच, जेमतेम पापुद्र्याआड लपलेली असते. त्यात खड्यामुळे पिशवी वारंवार सुजलेली असेल, तर सगळे अवयव एकमेकांना असे चिकटतात की ओल्या कागदांच्या गठ्ठ्यातून एकेक कागद सोडवावा तसे काम होते. म्हणून इजा झाली एवढ्यावरून हलगर्जी झाली असा निकाल देणे न्यायाचे नव्हे. मात्र इजा झाल्यानंतर काय केले, यावरून सर्जनची परीक्षा जरूर करावी.

या परीक्षेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. 24 जून 1894 रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर एका माथेफिरूने खंजिराने वार केला. वार यकृतावर बसला आणि पोर्टल नीला फाटली. देशातले नामांकित सर्जन हाताशी होते. पण फाटलेली रक्तवाहिनी शिवून पुन्हा वाहती कशी करावी, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. मध्यरात्र उलटते न उलटते तोच कार्नो गेले. त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा विशीतला वैद्यकीय विद्यार्थी होता. रक्तवाहिनी शिवता आली असती तर हा माणूस वाचता, हे शल्य त्याच्या मनात राहिले. ल्यों हे रेशमाचे आणि भरतकामाचे शहर. कारेलने तेथील एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुई आणि रेशमी धागा कसा चालवावा याचे धडे घेतले, आणि 1902 साली रक्तवाहिन्या जोडण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ताणले की गोलाचा त्रिकोण होतो आणि त्याची एकेक सरळ बाजू शिवता येते, अशी ती साधी युक्ती. त्यांच्या या कार्याचा गौरव 1912 च्या नोबेल पारितोषिकाने झाला. आज कुठलाही सर्जन पोर्टल नीला शिवतो, तेव्हा त्या भरतकाम करणाऱ्या बाईचे ऋण त्याच्या बोटांवर असते.

पण शिवायचे म्हटले तरी आधी दिसले पाहिजे, आणि रक्ताच्या डोहात काय दिसणार? हा प्रश्न सोडवला ग्लासगोच्या जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी. अपघातात यकृत फाटलेल्या रोग्यांविषयी त्यांनी 1908 साली एक निबंध लिहिला. त्यांची सूचना एवढीच की यकृताच्या दिंडी दरवाजातली ती घडी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबून धरावी. दोन्ही वाटांनी येणारे रक्त थांबते आणि जखम डोळ्यांपुढे उघडी होते. ज्या रोग्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या ते वाचले नाहीत. पण सशांवर त्यांनी हीच युक्ती करून पाहिली आणि ती साधली. ज्याला स्वतःच्या हाताने यश आले नाही, त्याच्या नावाने आज जगभरची शस्त्रक्रियागृहे ही पकड ओळखतात. धरण बांधायचे तर आधी प्रवाह वळवावा लागतो. प्रिंगल यांनी प्रवाह थांबवण्याची जागा दाखवली.

आता आत नेमके काय करायचे असते, ते क्रमाने सांगतो. दुर्बिणीने ऑपरेशन चालू आहे असे समजा. पोटात कॅमेरा आहे, पडद्यावर सारे मोठे दिसते आहे. अचानक एक लाल कारंजे उडते. कॅमेऱ्याची काच माखते. रक्त प्रकाश शोषून घेते, त्यामुळे पडदा काळवंडतो. अशा वेळी माणसाच्या हाताचा स्वाभाविक ओढा असतो तो चिमटा घालून क्लिप मारण्याकडे. जेथून रक्त येते असे वाटते तेथे एक, थांबले नाही म्हणून दुसरी, मग तिसरी. श्रोतेहो, या जागी मोठे अनर्थ घडतात ते बहुधा अशाच आंधळ्या क्लिपांनी. पहिली इजा असते एका लहान रोहिणीची. आंधळी क्लिप बसते शेजारच्या पित्तनलिकेवर किंवा यकृताच्या मुख्य रोहिणीवर. चोराच्या मागे अंधारात लाठी फिरवणाऱ्याच्या हातून घरच्याच माणसाचे डोके फुटावे, तसे हे आहे.

म्हणून आम्ही शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून एकच वाक्य घोकायला लावतो, "आधी बोट, मग चिमटा." पोट उघडे असेल तर खरोखरचे बोट, दुर्बिणीतून काम चालू असेल तर गॉजची घडी, किंवा सैल झालेले पित्ताशयच त्या जागेवर दाबून धरायचे. दाबायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटे, प्रसंगी दहा. उतावळ्याला एक मिनिटही प्रहरासारखे वाटते, म्हणून अंदाजावर जायचे नाही. बारीक नीलेचा स्राव पुष्कळदा एवढ्यानेच थांबतो. आणि तो थांबला नाही तरी ती मिनिटे वाया जात नाहीत. तेवढ्यात भूलतज्ज्ञाला सांगायचे, रक्त मागवायचे, रक्त शोषून घेणारी दुसरी नळी जोडायची, वरिष्ठ सहकाऱ्याला हाक मारायची, पोट उघडण्याची हत्यारे मांडून ठेवायची. ही सारी तयारी झाल्यावरच दाब हळूच सैल करून पाहायचे. रक्तस्रावाची नेमकी जागा स्पष्ट दिसली तरच तेथे चिमटा. न दिसली तर विनासंकोच पोट उघडायचे.

पोट उघडल्यावरही रक्त आवरत नसेल, तर प्रिंगलची पकड. यकृताचे रक्त असे कायमचे अडवून चालत नाही; म्हणून साधारण पंधरा मिनिटे पकड, पाच मिनिटे मोकळीक, असा क्रम ठेवतात. निरोगी यकृत हे चांगले सोसते; सिऱ्होसिसने निबर झालेले यकृत कमी सोसते. या पकडीचा आणखी एक उपयोग आहे. ती घालूनही रक्त येतच राहिले, तर ते दिंडी दरवाजातले नव्हे. एक तर भलत्या वाटेने आलेल्या रोहिणीचे आहे, नाही तर परसदाराच्या नीलांचे आहे. म्हणजे पकड केवळ रक्त थांबवीत नाही, चोर कोणत्या दाराने आला तेही सांगते.

पुढचा उपाय वाहिनीप्रमाणे बदलतो. पित्ताशयाची रोहिणी बांधून टाकली तरी चालते. पिशवीच काढायची, मग तिची रोहिणी राखायची कशाला? पोर्टल नीला मात्र बांधून भागत नाही. ती केसासारख्या बारीक धाग्याने शिवावीच लागते. उजव्या रोहिणीची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. ती तुटली तरी यकृत बहुधा तग धरते, कारण पोर्टल नीलेचे रक्त येतच असते आणि डावीकडूनही आडवाटेने थोडी मदत पोचते. पण पित्तनलिकेला पोर्टल नीलेचा आधार नाही. ती रोहिणीच्याच रक्तावर जगते. म्हणून नलिका आणि उजवी रोहिणी या दोघींना एकदम इजा झाली, तर नलिका दिसते त्याहून वरपर्यंत सुकत जाते, आणि अशा सुमारे दहा टक्के रोग्यांत यकृताचा काही भाग हळूहळू मरतो. अशी नलिका घाईने त्याच दिवशी जोडली, तर तो सांधा टिकण्याचा भरवसा कमी. हे ज्याला ठाऊक असते, तो सर्जन रक्त थांबवतो, पित्त बाहेर यायला नळी ठेवतो आणि रोग्याला या कामात मुरलेल्या माणसाकडे धाडतो.

परसदाराच्या नीलांची इजा सगळ्यांत अवघड. त्यांची भिंत पातळ, जागा खोल. शिवाय त्यांच्या फाटलेल्या तोंडातून हवा आत ओढली जाऊन हृदयात जाण्याचे भय. तेथे यकृत हातांनी मिटून दाबून धरायचे आणि भूलतज्ज्ञाने रोग्याचे डोके खाली करायचे. काही वेळा दोन-तीन तास रक्त वाहून रोगी गार पडतो. गार शरीरात रक्त गोठण्याची शक्तीच मंदावते. मग टाक्यामागून टाके घातले तरी टाक्याच्या भोकांतून रक्त झिरपते. अशा वेळी शहाणा सर्जन शिवणे थांबवतो. यकृताभोवती गॉजच्या मोठ्या घड्या दाबून बसवतो, पोट तात्पुरते झाकतो, रोग्याला अतिदक्षता विभागात ऊब आणि रक्त देतो आणि एक-दोन दिवसांनी परत उघडून घड्या काढतो. नातेवाईकांना हे अर्धवट सोडलेले काम वाटते. पण चक्रीवादळात शीड उतरवणाऱ्या तांडेलाला कुणी भित्रा म्हणत नाही.

हे सगळे झाले तरी प्रसंग न येऊ देणे हेच उत्तम. जर्मनीच्या कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले. 1985 साली जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी ते दुर्बिणीने काढले. आपल्याकडे 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही रीत आणली. छेद लहान झाला, वेदना कमी झाल्या, माणूस लवकर कामाला लागला. पण बोटांचा स्पर्श गेला, आणि सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेच्या इजा वाढल्या. त्यावर अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी 1995 साली नियम घालून दिला. पित्ताशयालगतचा त्रिकोण चरबी आणि पापुद्रे काढून स्वच्छ करावा. पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा. आणि पिशवीत फक्त दोनच नळ्या शिरताना दिसल्याखेरीज काहीही कापू नये. सूज फार असेल आणि हे दिसतच नसेल, तर पिशवीचा काही भाग मागे ठेवून बाहेर पडावे. अर्धी पिशवी राहिल्याने माणूस मरत नाही.

नलिकेची इजा माणसाला किती पुरते, याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचे पित्ताशय एप्रिल 1953 मध्ये लंडनला काढले, त्यात पित्तनलिकेला इजा झाली. लंडनमध्येच दुसरी शस्त्रक्रिया, जूनमध्ये बोस्टनला तिसरी. 1955 साली ते पंतप्रधान झाले. पण ऑक्टोबर 1956 मध्ये, सुएझचे प्रकरण ऐन रंगात असताना, त्यांना तापाने फणफणून रुग्णालयात राहावे लागले. जानेवारी 1957 मध्ये प्रकृतीचे कारण सांगून त्यांनी राजीनामा दिला. सुएझचा निकाल एका नलिकेने लावला असे आम्ही म्हणत नाही. पण सत्तेच्या शिखरावरच्या माणसालाही ती वर्षानुवर्षे सोडत नाही, एवढे यावरून कळते.

आता आपल्याकडे वळतो. आपण म्हणाल, हे सारे सर्जनने करायचे. आम्ही ऐकून काय करावे? आपण करण्यासारख्या चार गोष्टी आहेत.

पहिली, पोट उघडण्याची परवानगी आधीच आणि मनापासून द्या. "डॉक्टर, काही झाले तरी दुर्बिणीनेच करा, मोठा व्रण नको," असा आग्रह पुष्कळ घरांतून होतो. मुलीच्या लग्नाचा विषय असला की तो आग्रह अधिकच होतो. त्या आग्रहाचे ओझे आत सर्जनच्या मनगटावर येते आणि पोट उघडायला दहा मिनिटे उशीर होतो. दहा मिनिटांत किती रक्त जाऊ शकते, हा हिशेब आपण आरंभीच केला आहे.

दुसरी, रक्त. ते कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ऑपरेशन ठरले की गावातल्या रक्तपेढीत आपल्या गटाचे रक्त आहे का, हे आधी विचारा. आणि विचारणे पुरेसे नाही. 18 ते 65 या वयाचा निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. संकटाच्या रात्री दाता शोधत फिरण्यापेक्षा सवडीच्या दिवशी दिलेली बाटली अधिक जीव वाचवते.

तिसरी, घरी आल्यावर डोळे उघडे ठेवा. पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, नाडी जलद होऊन घेरी येत असेल, तर "गॅस झाला असेल" म्हणून ओव्याची फक्की देत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. इजा झाली तर सर्जनने ती लपवू नये. काय झाले, काय केले, पुढे काय होऊ शकते, हे त्याच दिवशी नातेवाइकांना समोर बसवून सांगावे आणि कागदावर लिहून द्यावे. तो आपला हक्क आहे, आणि त्यात आम्ही आमच्या व्यवसायबंधूंची बाजू मुळीच घेणार नाही. कारण पुढच्या सर्जनला कोणती वाहिनी बांधली आणि कोठे क्लिप आहे हे कळले नाही, तर त्याला पुन्हा अंधारातच हात घालावा लागतो. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला 2010 साली कायदा करावा लागला, ही गोष्ट आपल्या कुणालाच भूषणाची नाही. बाहेर जमाव काचा फोडील अशी धास्ती असली, की आतला माणूस पोट उघडायला कचरतो, वरिष्ठांना हाक मारायला लाजतो, रोग्याला मोठ्या रुग्णालयात धाडायला उशीर करतो आणि कागदावर कमी लिहितो. या चारही गोष्टींची किंमत भरतो तो टेबलावरचा रोगी, म्हणजे आपलेच माणूस. जाब जरूर विचारा; कागद मागा, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या, न्यायालयाची वाटही मोकळी आहे. फक्त त्या रात्री हात उगारू नका.

रक्त पाहून घाबरणे हा माणसाचा स्वभाव आहे. सर्जनही माणूसच असतो. त्याच्या शिक्षणाची वर्षे जातात ती हात वेगाने चालवण्यात थोडी, आणि ऐन वेळी हात स्थिर ठेवण्यात अधिक. त्या स्थिरतेला बाहेरच्या बाकावरूनही बरीच मदत होऊ शकते, एवढे आपल्या मनावर ठसले, तर या संध्याकाळचे सार्थक झाले असे आम्ही समजू.